लात्व्हियन भाषेची प्रवासापुरती तयारी : पंधरा आठवड्यांच्या नोंदी

१० मार्च २०२४
माझी मुलगी गेल्या सप्टेंबरपासून लात्व्हियाची राजधानी रीगा येथे शिकत आहे. जूनमध्ये मी व माझे पती दोन आठवडे तिच्याकडे जाणार आहोत. ती दिवसभर विद्यापीठात असणार, त्यामुळे बाजार, बस, खानावळ आणि औषधाचे दुकान हे सारे आम्हां दोघांनाच निभवावे लागेल. रीगातील तरुणांना इंग्रजी चांगले येते, हे मुलीकडून कळले आहे. परंतु ज्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो त्यांच्याशी निदान नमस्कार आणि आभार त्यांच्या भाषेत व्हावेत, ही माझी इच्छा आहे. उद्दिष्ट मर्यादित ठेवले आहे : साठ वाक्ये, शंभरपर्यंतचे आकडे आणि पाट्यांवरचे तीसेक शब्द, रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. मराठीतून लात्व्हियन शिकवणारे काहीही मला मिळाले नाही, म्हणून पुढे कोणाला गरज पडली तर उपयोगी यावे यासाठी चुकांसह सर्व लिहून ठेवत आहे.

१८ मार्च
पहिला आठवडा जवळजवळ वाया गेला. भाषा शिकवणाऱ्या ज्या मोफत ॲपवर आमच्या ओळखीतले सगळे शिकतात, त्यावर ही भाषाच नाही. म्हणून ८५० रुपयांचे एक इंग्रजी संभाषण-पुस्तक मागवले. त्यात प्रत्येक वाक्याखाली इंग्रजी वाचकासाठी उच्चार दिलेला आहे, आणि तो इंग्रजांच्या जिभेला सोयीचा आहे. मी तो पाठ केला, मुलीला फोनवर म्हणून दाखवला आणि तिने अर्ध्याहून अधिक शब्द ओळखलेच नाहीत. वीस वाक्ये चुकीच्या उच्चारासह डोक्यात बसली होती व ती पुसायला पुढे फार त्रास झाला. हे काम करणाऱ्याने इंग्रजी उच्चारलेखन पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावे.

२७ मार्च
सर्व वाक्ये देवनागरीत उतरवायला घेतली. इथेही पहिली पद्धत फसली. लात्व्हियनमधला ऱ्हस्व स्वर आपल्या ‘अ’सारखा नसून तोकड्या ‘आ’सारखा आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ हा शब्द मी ‘पल्दिएस’ असा लिहिला तेव्हा तो ऐकणाऱ्याला परका वाटला. ‘पाल्दिएस’ असे लिहिले तर उच्चार बरोबर येतो. पण मग खरा दीर्घ ‘आ’ कसा दाखवायचा? लात्व्हियन लिपीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते व ती गाळली तर शब्दच बदलतो. ‘काज़ास’ म्हणजे शेळ्या आणि ‘काऽज़ास’ म्हणजे लग्न. ‘पिले’ म्हणजे थेंब आणि ‘पीऽले’ म्हणजे बदक. आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार लिहितो, पण बोलताना तो भेद बहुधा पाळत नाही, त्यामुळे नुसती वेलांटी पाहून जीभ लांबत नाही, हे मला तीन दिवसांनी लक्षात आले.

उपाय म्हणून प्रत्येक दीर्घ स्वरापुढे अवग्रह (ऽ) द्यायचे ठरवले. आरतीत आणि भजनात स्वर लांबवण्याची ती खूण आपल्या ओळखीची आहे, आणि तिच्यामुळे डोळ्याला दिसताच जीभ आपोआप थांबते. सगळी वही पुन्हा लिहावी लागली. चार रात्री गेल्या, पण त्या सार्थकी लागल्या.

६ एप्रिल
आजचा शोध या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचा वाटतो. लात्व्हियनमध्ये रोमन ‘सी’ हे अक्षर दोन प्रकारे येते : साधे, आणि डोक्यावर उलटा टोपीसारखा कंस असलेले. इंग्रजी पुस्तकात साध्या अक्षरासाठी ‘टी’ आणि ‘एस’ जोडून म्हणा, असा सल्ला होता, व तो करताना मी अडखळत होते. पतींनी ध्वनिफीत दोनदा ऐकली आणि म्हणाले, ‘हा तर चाकातला च आहे, आणि दुसरा चारातला.’ तसेच आहे. इंग्रजी वाचकाला कष्टाने कमवावा लागणारा हा भेद मराठी माणसाच्या तोंडात लहानपणापासून आहे. आपण तो फक्त लिहीत नाही. चाकातल्या ‘च’खाली मी नुक्ता देऊ लागले : ‘च़िक माक्साऽ?’ म्हणजे ‘किती पैसे?’ आणि ‘चेत्रि’ म्हणजे चार. जगातला ‘ज’ही तिथे आहे. ‘कृपया’ हा शब्द ‘लूऽद्ज़ु’ असा आहे, आणि ‘कृपया’, ‘हे घ्या’, ‘आभार कसले’ तसेच ‘काय म्हणालात?’ या चारही ठिकाणी तोच चालतो. एकच शब्द पाठ करायला वेळ असेल तर हाच करावा.

आणखी तीन अक्षरे इथेच नोंदवते. खाली स्वल्पविराम असलेला ‘एल’ म्हणजे ‘ल्य’. मी सुरुवातीला त्याला ‘ळ’ समजले होते, ते चूक. तशीच खूण असलेला ‘एन’ म्हणजे आपला ‘ञ’. ‘जे’ हे अक्षर नेहमी ‘य’ असते.

१५ एप्रिल
वहीवरून उच्चार पक्का होत नाही, हे मान्य करून एका लात्व्हियन शिक्षिकेचे सहा ऑनलाइन तास घेतले. प्रत्येक तासाचे १५ युरो, म्हणजे सगळे मिळून सुमारे ८,१०० रुपये. हा या तयारीतला सर्वांत मोठा खर्च आहे, आणि तो पहिल्या आठवड्यातच करायला हवा होता, कारण माझ्या दोन मोठ्या चुका त्यांनी दहा मिनिटांत दाखवल्या.

पहिली चूक आघाताची. लात्व्हियनमध्ये आघात जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर असतो. मी तो नियम काटेकोरपणे पाळला आणि नेमके रोजच्या वापरातले शब्द बिघडवले, कारण ‘पाल्दिएस’ आणि दिवसाचा नमस्कार ‘लाब्दिएन’ हे अपवाद आहेत. त्यांत जोर ‘दिए’वर येतो. सकाळचा ‘लाब्रीऽत’ आणि संध्याकाळचा ‘लाब्वाकार’ यांतही जोर दुसऱ्या भागावर येतो. दुसरी चूक ‘ओ’ची. अस्सल लात्व्हियन शब्दांतला ‘ओ’ हा ‘उओ’ असा उच्चारला जातो, बाहेरून आलेल्या शब्दांत मात्र साधा ‘ओ’च राहतो. त्यामुळे ‘मला समजत नाही’ हे ‘एस नेसाप्रुओतु’ होते आणि ‘क्षमा करा’ हे ‘आत्वाइनुओयिएत’. वहीतले अकरा शब्द दुरुस्त केले.

‘ए’चेही दोन उच्चार आहेत, त्यांतला एक ‘ॲ’कडे झुकणारा. शिक्षिकेने सांगितले की तो चुकला तरी लोकांना समजते, म्हणून मी तो सोडून दिला. प्रवासापुरते शिकताना काय सोडायचे हे ठरवणेही कामाचाच भाग आहे.

रशियनचा प्रश्नही विचारला, कारण आमच्या एका परिचितांनी ‘तिकडे रशियनचे चार शब्द पुरतात’ असा सल्ला दिला होता. शिक्षिकेने शांतपणे उत्तर दिले. १९४० नंतरच्या सोव्हिएत राजवटीत बाहेरून इतकी माणसे आणून वसवली गेली की १९८९च्या जनगणनेत देशातील लात्व्हियन लोकांचे प्रमाण ५२ टक्क्यांवर आले होते. १९९१मध्ये स्वातंत्र्य परत मिळाले आणि आज लात्व्हियन ही एकमेव राज्यभाषा आहे. रशियन बोलणारे पुष्कळ आहेत व त्यांच्याशी रशियन बोलण्यात गैर काही नाही, पण अनोळखी माणसाला पहिला नमस्कार लात्व्हियनमध्येच करावा. सुमारे १९ लाख वस्तीच्या देशात भाषा टिकवणे किती कष्टाचे असेल, हे त्यानंतर मला सतत जाणवत राहिले.

२९ एप्रिल
वहीची तिसरी मांडणी. आतापर्यंत वाक्ये विषयवार होती : बस, जेवण, खरेदी. ती लक्षात राहत नव्हती, कारण प्रत्येक वाक्य मी मनातल्या मनात इंग्रजीवरून लात्व्हियनमध्ये नेत होते. चौथ्या तासाला शिक्षिकेने ‘मान’ हा शब्द शिकवला. त्याचा अर्थ ‘मला’. मग फळ्यावर वाक्ये येत गेली आणि मी ती मराठीत वाचत गेले. ‘मान पातीऽक रीऽगा’ : मला रीगा आवडते. ‘मान साऽप गाल्वा’ : मला डोके दुखते, म्हणजे माझे डोके दुखते आहे. ‘मान इर आउक्स्ति’ : मला थंडी वाजते. ‘मान वायाग’ : मला पाहिजे. खानावळीत तर ‘मान, लूऽद्ज़ु, विएनु काफियु’, म्हणजे ‘मला एक कॉफी द्या हो’, इतके सरळ.

इंग्रजीत ‘मी’ने सुरू होणारी ही वाक्ये मराठीत आणि लात्व्हियनमध्ये ‘मला’ने सुरू होतात. शब्दाला शब्द ठेवला तरी वाक्य उभे राहते. जे पन्नास दिवस इंग्रजीच्या वाटेने गेले, ते मराठीच्या वाटेने गेले असते तर वेळ निम्म्याने वाचला असता, असे मला आता ठामपणे वाटते. ‘तु’ म्हणजे तू आणि ‘यूऽस’ म्हणजे तुम्ही, हा भेदही आपल्यासारखाच पाळायचा आहे. अनोळखी माणसाला, दुकानदाराला, वडीलधाऱ्यांना ‘यूऽस’. लिंगभेदही आहे. मी शाकाहारी म्हणून ‘एस एस्मु वेग्येताऽरिएते’ म्हणते, पतींना मात्र ‘वेग्येताऽरिएतिस’ म्हणावे लागते. ते दोन आठवडे माझे ऐकून माझेच रूप म्हणत होते, ते आज दुरुस्त झाले.

वही ‘मला’ची वाक्ये, ‘आहे का?’ची वाक्ये आणि एकेकटे शब्द अशी विभागली. त्यानंतर पाठांतर झपाट्याने पुढे गेले.

१३ मे
आकडे. म्हणायला सोपे आहेत : विएन्स, दिवि, त्रीऽस, चेत्रि, पिएच़ि, सेशि, सेप्तिञि, आस्तुओञि, देविञि, देस्मित. दोन, तीन, सात, आठ, दहा यांमागे संस्कृतातले आकडे स्पष्ट ऐकू येतात. पंचवीस किंवा अठ्ठावन्नसारखी वेगवेगळी रूपेही पाठ करावी लागत नाहीत. ‘वीस पाच’, ‘पन्नास आठ’ असे सुटे म्हणायचे. मात्र ऐकताना मी सपशेल नापास झाले. शिक्षिकेने वीस किमती सांगितल्या व माझ्या नऊ चुकल्या. घोटाळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होता : बारा म्हणजे ‘दिव्पाच़्मित’ आणि वीस म्हणजे ‘दिव्देस्मित’. मधला ‘पा’ आणि मधला ‘दे’ एवढ्याच आधारावर फरक ओळखायचा आहे. पतींनी रोज पंधरा मिनिटे किमती वाचायच्या आणि मी लिहायच्या, असा क्रम आठ दिवस चालवला. आज वीसपैकी तीन चुकल्या.

२१ मे
रीगाहून सिगुल्दा आणि चे़ऽसिस ही गावे पाहायचे ठरले आहे. मुलीने पाठवलेल्या वेळापत्रकाच्या चित्रात मला ही गावे सापडेनात, कारण प्रत्येक ठिकाणी नावाचा शेवट निराळा होता. सिगुल्दामध्ये म्हणायचे तर ‘सिगुल्दाऽ’, सिगुल्दाला जायचे तर ‘उज़ सिगुल्दु’, सिगुल्दापर्यंत म्हणायचे तर ‘लीऽद्ज़ सिगुल्दाइ’. हा नियम शिकायला मी एक तास व्याकरणाचे तक्ते पाहत बसले, त्याचा उपयोग झाला नाही. आपण साताऱ्याला जातो आणि साताऱ्यात राहतो, सातारा हा शब्द मूळ रूपात क्वचितच बोलतो, एवढे आठवले तेव्हा भीती गेली. शेवट सोडून द्यावा आणि पहिली तीन-चार अक्षरे पाहावीत. तिकिटासाठी एकच वाक्य पाठ ठेवले : ‘दिवास बिल्येतेस लीऽद्ज़ सिगुल्दाइ, लूऽद्ज़ु.’ तिकीट स्त्रीलिंगी असल्याने ‘दिवि’चे ‘दिवास’ होते.

३१ मे
निघायला आठ दिवस उरले असताना एक मोठी चूक लक्षात आली. माझी सगळी वही देवनागरीत आहे, पण रीगातील पाट्या रोमन लिपीत असणार. ‘इएएया’ म्हणजे आत जाण्याचा दरवाजा आणि ‘इज़ेया’ म्हणजे बाहेर पडण्याचा, हे मला तोंडपाठ होते. मुलीने दोन्ही पाट्यांची छायाचित्रे पाठवली तेव्हा मी ती ओळखली नाहीत. देवनागरी ही बोलण्यासाठी, वाचनासाठी डोळ्याची वेगळी सवय हवी. पाट्यांवरच्या तीस शब्दांची दुहेरी कार्डे केली, एका बाजूला पाटीचे छायाचित्र व मागे देवनागरी. छपाई आणि प्लास्टिकचे आवरण मिळून २४० रुपये. स्वच्छतागृहावर ‘व्ही’ अक्षर पुरुषांसाठी आणि ‘एस’ स्त्रियांसाठी असते. काही ठिकाणी पुरुषांसाठी ‘के’ व स्त्रियांसाठी ‘डी’. हे कार्ड सर्वांत वर ठेवले आहे.

वाक्ये साठावरून अडतीसवर आणली. हॉटेलातील खोली आणि भाड्याची गाडी यांविषयीची काढून टाकली, कारण ती आम्हांला लागणार नाहीत.

११ जून, रीगा
विमानतळावरून २२ क्रमांकाच्या बसने शहरात आलो. चालकाला ‘लाब्दिएन’ म्हटले, त्यांनी ‘लाब्दिएन’ म्हटले. माझ्या तेरा आठवड्यांतला हा पहिला खरा संवाद.

पुढचा अनुभव मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा आला. तीन दुकानांत मी लात्व्हियनमध्ये विचारले आणि तिन्ही ठिकाणी उत्तर इंग्रजीत मिळाले. पहिल्या दिवशी मला वाईट वाटले. संध्याकाळी मुलीने समजावले की पाहुण्याची सोय व्हावी म्हणून ते तसे करतात; आपण आपल्या वाक्यावर टिकून राहिलो तर तेही परत लात्व्हियनवर येतात. उद्यापासून तसे करणार आहे.

१३ जून
मध्यवर्ती बाजारात सकाळ घालवली. १९३० साली सुरू झालेला हा बाजार झेपेलिन वायुनौकांच्या जुन्या हँगरच्या सांगाड्यांपासून उभारलेल्या पाच भव्य दालनांत भरतो. बाहेरच्या बाकांवर स्ट्रॉबेरी होत्या. ‘पुस्किलोग्रामु ज़ेमेञु, लूऽद्ज़ु’, म्हणजे अर्धा किलो स्ट्रॉबेरी, हे वाक्य मी रात्री मुलीकडून शिकून आले होते. विकणाऱ्या आजींनी किंमत सांगितली आणि मी ती पहिल्या खेपेत ऐकली. आठ दिवसांच्या त्या श्रुतलेखनाचा हा लाभ.

दुपारी मात्र चूक झाली. बाजाराजवळच्या एका खानावळीत पतींनी करड्या वाटाण्यांची उसळ पाहिली. मी ‘वाइ तायाऽ इर गाल्या?’ म्हणजे ‘यात मांस आहे का?’ असे विचारले. ताटे वाढणाऱ्या बाईंनी काही उत्तर दिले, मागे रांग होती, मला ते कळले नाही आणि मी ‘पाल्दिएस’ म्हणून ताट घेतले. पहिल्याच घासाला त्यात डुकराच्या चरबीचे तुकडे असल्याचे कळले. वाटाण्यांचा हा पारंपरिक पदार्थ चरबीसहच करतात, व त्यांनी मला बहुधा तेच सांगितले असावे. दोष माझ्या तयारीचा होता : प्रश्न पाठ केला, संभाव्य उत्तरे पाठ केली नाहीत. आज रात्री कार्डावर दोन वाक्ये घातली. ‘बेज़ गाल्यास उन ज़िवीऽम’, म्हणजे मांस आणि मासे नकोत. आणि ‘बेज़ स्पेक्या’, म्हणजे चरबी नको. दुसरे वाक्य पहिल्याइतकेच आवश्यक आहे. बटाट्याची धिरडी आंबट सायीसोबत, राईचा काळा पाव, आणि ताजे चीज यांवर शाकाहारी माणसाचे व्यवस्थित भागते.

१६ जून
या प्रवासातील सर्वांत मोठी चूक आज झाली आणि तिचा त्रास दुसऱ्या व्यक्तीला झाला, याचे मला फार वाईट वाटते. मुलीच्या घरमालकीणबाई आम्हांला सिगुल्दाला घेऊन जाणार होत्या. काल त्यांनी दारातच वेळ सांगितली : ‘पुस्देविञुओस’. ‘पुस’ म्हणजे अर्धा आणि ‘देविञि’ म्हणजे नऊ हे मला येत होते, म्हणून मी साडेनऊ समजले. आम्ही सव्वानऊला आवरून खाली गेलो, तर त्या पाऊण तास फाटकाशी उभ्या होत्या आणि गाडी निघून गेली होती. लात्व्हियनमध्ये ‘पुस्देविञि’ म्हणजे नववा तास अर्धा झालेला, अर्थात साडेआठ. ‘पिएदुओदिएत, लूऽद्ज़ु’ असे मी तीन वेळा म्हटले. त्यांनी हसून माझा हात धरला आणि आम्ही पुढच्या गाडीने गेलो.

गाडीत विचार करताना लक्षात आले की आपला ‘अडीच’ हा शब्द नेमका असाच बनला आहे. संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून तो आला, म्हणजे तिसरा अर्धा. लात्व्हियनमध्ये अडीच वाजले हे ‘पुस्त्रीऽस’, म्हणजे अर्धे तीन. मराठी माणसाने हा नियम ‘अडीच’शी जोडून ठेवावा आणि ‘साडे’ विसरावे. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘पुस’ ऐकले की एक तास वजा.

२१ जून
उपयोगाची मोजणी केली. अडतीसपैकी एकोणीस वाक्ये प्रत्यक्ष तोंडातून बाहेर पडली. ‘लाब्दिएन’, ‘पाल्दिएस’, ‘लूऽद्ज़ु’ आणि ‘मान, लूऽद्ज़ु’ ही रोज अनेकदा. ‘वाइ यूऽस रुनाऽयात आंग्लिस्कि?’, म्हणजे ‘तुम्ही इंग्रजी बोलता का?’, हे दोनदाच, औषधाच्या दुकानात आणि बसथांब्यावर. पण विचारून मग इंग्रजी बोलल्याने समोरच्याच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा आला, तो न विचारता आला नसता. निरोपाचा ‘उज़ रेद्ज़ेऽशानुओस’ लांब असल्याने मी टाळत होते. चार तुकडे करून म्हटल्यावर जमला. एकूण खर्च ९,१९० रुपये, त्यांतले ८५० वाया. एकूण वेळ सुमारे पन्नास तास, त्यांतले बारा-तेरा तास इंग्रजी पुस्तकात आणि व्याकरणाच्या तक्त्यांत गेले.

२३ जून
आज लीऽगुओ, म्हणजे मध्य उन्हाळ्याचा सण. बहुतेक दुकाने आज लवकर बंद होतात आणि उद्याही बंदच असतील, म्हणून सामान कालच भरले. दुकानांच्या दारावर वारांची आद्याक्षरे असतात. सोमवार ‘पहिला दिवस’, मंगळवार ‘दुसरा दिवस’ अशीच वारांची नावे असल्याने ती लगेच लक्षात राहतात, फक्त रविवार हा ‘पवित्र दिवस’ आहे.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी आम्हां तिघांना अंगणात बोलावले. ओकच्या पानांचे हार होते, शेकोटी होती, आणि या सणाचे शहाजिऱ्यासारखा मसाला घातलेले गोल चीज होते. त्यांनी मला एक तुकडा दिला आणि विचारले, ‘वाइ युम्स गार्शुओ?’ हे वाक्य माझ्या अडतीसांत नव्हते. ‘युम्स’ म्हणजे ‘तुम्हांला’ असणार, कारण ‘मान’ म्हणजे ‘मला’. आणि हातात खाण्याचा पदार्थ आहे, तेव्हा प्रश्न आवडण्याचाच. मी म्हटले, ‘मान ल्युओति गार्शुओ.’ मला फार आवडले. त्यांनी दुसरा तुकडा माझ्या ताटात ठेवला आणि मग सावकाश, शब्द सुटे करत, चीज घरी कसे करतात ते लात्व्हियनमध्येच सांगू लागल्या. दूध, मीठ, अंडे एवढे मला कळले. बाकीचे मुलीने मराठीत सांगितले. ‘गार्शुओ’ उद्या कार्डावर चढवायचे आहे.